उडताना मान कशी असते

लुगडं पिळायला दोन माणसं लागतात. नऊवारी, त्यात खाडीच्या चिखलातून आलेलं आणि धुतलेलं, म्हणजे पाणी पिऊन पार जड झालेलं. एक टोक ती धरायची, एक मी. त्या दिवशीही तेच केलं, अंगणात, नारळाच्या दोन झाडांच्या मधे उभं राहून. माझं नेहमीप्रमाणे चुकलं. मी तिच्या हातांकडे बघत पिळायचो. तिचे हात जिकडे वळतील तिकडे माझे वळायचे आणि लुगडं नुसतं गरागरा फिरायचं, पाणी थेंबभर निघायचं नाही. नातवंडं झाली तरी मला हे जमलं नव्हतं.

"माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "आपल्या उजव्या हाताला फिरवा."

फिरवलं. पाणी निघालं.

पिळता पिळता आमचा वाद चालला होता. सकाळी तिनं चिखलात एक पक्षी बघितला होता आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता. तिचं म्हणणं, तो करकोचा. माझं म्हणणं, बगळा. राखी बगळा, दर थंडीत येतो तो.

"तुमाला बांधावरनं काय दिसलं? मोतीबिंदू पिकलाय तुमचा."

"तुला तरी काय दिसलं? उडला कं तो?"

"न्हाय उडला."

"मंग तुलाबी काय म्हाईत न्हाय."

"उद्या उडल," ती म्हणाली. "तवा बघा, मंग बोला."

लुगडं तिनंच दोरीवर टाकलं, टोकं ओढून सारखं केलं. मला म्हणाली, भात ठेवलाय, लक्ष द्या, मी जरा पडते. दुपारी पडणारी बाई नव्हती ती. पण थंडीत चिखलातून आल्यावर पाय दुखतात, मला वाटलं पडू दे. मी भाताकडे बघत बसलो. भात झाला, गॅस बंद केला, तिला उठवायला गेलो. ती उठली नाही.

आता मागचं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. मलाच नीट कळत नाही. मी चौथी शिकलो, ते पण मास्तर चांगले होते म्हणून. हे मुलीनं सांगितलं म्हणून लिहितोय. ती म्हणते बाबा, तुम्ही तेच तेच बोलता, त्यापेक्षा एकदा लिहून टाका. तर लिहितो.

आमचं घर आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मी जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर. ती कालवं काढायची. सुकती लागली, पाणी मागं हटलं की बायका चिखलात उतरतात, हातात लहान कोयती, कमरेला डबा. खडकाला चिकटलेलं कालव फोडायचं, आतलं मांस डब्यात टाकायचं, पुढं सरकायचं. हे सगळं वाकून. सुकती असेपर्यंत बाई सरळ होत नाही. माझी बायको घरात आली तरी थोडा वेळ वाकूनच चालायची, मग हळूहळू उघडायची, छत्रीसारखी.

थंडीत खाडीत पक्षी येतात. आम्ही लहानपणापासून बघतो, पण बघतो म्हणजे काय, होडीवर बसतात, मासळी पळवतात, हाकलायचे. आमच्याकडे लांब पायाचा आणि लांब मानेचा जो कोणी असेल तो बगळा. पांढरा असला तर पांढरा, राखेच्या रंगाचा असला तर राखी. एवढंच. मग काही वर्षांपूर्वी फोटो काढणारे यायला लागले. दिघीकडून फेरीबोटीत गाड्या घालून येतात, गळ्यात नळकांड्यासारखा कॅमेरा. पहाटे बांधावर जाऊन पडतात. अंगावर हिरवी जाळी, डोक्यावर पाला. पक्षी त्यांना लांबूनच ओळखतात आणि उडतात.

त्यातला एक साहेब पुण्याचा, नोकरीतून रिटायर झालेला, जाड भिंगाचा चष्मा. आमच्या शेजारच्या घरात खोली घेऊन राहायचा. जेवायला आमच्याकडे, कारण तिच्या हातचं कालवांचं कालवण त्याला आवडलं. दोन दिवस बांधावर पडून त्याला एक धड फोटो मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, मी एक बघितलं, पक्षी आम्हाला घाबरतात, तुमच्या बायकांना घाबरत नाहीत. त्यांच्या हाताच्या अंतरावर चरतात. मग माझ्याकडे बघून, जरा घुटमळून म्हणाला, "दादा, वहिनींचं एखादं जुनं लुगडं मिळेल का?"

मी भाकरी खाली ठेवली. असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर विचारणाऱ्याला खाडीत टाकला असता. पण ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं स्वतः त्याला लुगडं नेसवलं, पँटवरूनच. कासोटा खोचला, पदर डोक्यावर घेऊन कानामागं अडकवला. त्याचा चष्मा त्यात अडकला. कॅमेरा पदराखाली. म्हणाली, आता वाका, आणि वर बघू नका, आणि काम असल्यासारखं काहीतरी हातानं करत राहा.

तो गेला, वाकला, आणि पक्षी उडाले नाहीत. तो दोनदा तोंडावर पडला, एकदा लुगडं सुटलं, पण पक्षी उडाले नाहीत. पाणी भरायला लागेपर्यंत तो तिथंच होता. परत आला तेव्हा त्याची कंबर अशी धरली होती की मला आणि शेजाऱ्याला त्याला दोन्हीकडून धरून बसवावं लागलं. पण तोंडावर असा आनंद, जणू मुलगा झालाय.

त्यानं तिला मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं. मोबाईल मुलीनं दिलेला होता, नुसता बोलण्यासाठी. त्या दिवसापासून तो तिच्या लुगड्याच्या केळात, म्हणजे कमरेच्या खोचणीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तिच्याबरोबर चिखलात जायला लागला. कालवं काढता काढता फोटो. मग फोटो काढता काढता कालवं. डबा अर्धा भरून यायची आणि मला फोटो दाखवत बसायची. कुदळ्या पक्षी चिखलात चोच खुपसलेला. तुतवारांचा, त्या लहान पाणपाखरांचा थवा. तिवरांतून बाहेर आलेला कोल्हा, तोंडात खेकडा धरलेला. हा मला आवडला होता. निवट्या, चिखलात उड्या मारणारी ती मासळी, शेपटीवर उभं राहून एकमेकांशी भांडणाऱ्या. मी म्हणायचो, निवटीचा फोटो काढून काय करायचं, निवटी तळायची. ती म्हणायची, तळलेली पोटात जाते, ही राहते.

मी गेलो की पक्षी उडायचे. मी तिच्यासोबत जायचो तर बांधावरच थांबायचो. ती म्हणायची, तुमी ताठ चालता, पोलिसासारखे. मी होडीवरचा माणूस, आम्हाला ताठच उभं राहावं लागतं, नाहीतर पाण्यात जाऊ. पण ते पक्ष्यांना कोण सांगणार.

साहेबानं तिला नावं शिकवली. आणि एक गोष्ट सांगितली जी तिनं डोक्यात धरून ठेवली. तो म्हणाला, तुम्ही ज्याला सरसकट बगळा म्हणता त्यासारखाच दिसणारा एक पक्षी असतो, करकोचा. फार लांबून, डोंगरांवरून येतो. पण तो घाटावर येतो, तळ्याकाठी, थव्यानं. इकडे समुद्राला येत नाही. चुकून एखादा आला तर मला कळवा, मी रात्रीच्या रात्री गाडी काढून येईन. तिनं विचारलं, ओळखायचा कसा? तो म्हणाला, बसलेला असला तर गोंधळ होईल, पण उडाला की चुकणार नाही. बगळा उडताना मान दुमडून घेतो. करकोचा मान सरळ ठेवतो, पुढं ताणून.

तेव्हापासून दर थंडीत ती त्या एका चुकलेल्या पक्ष्याची वाट बघत होती. मला ते वेड वाटायचं. मी म्हणायचो, जो घाटावर जाणारा तो इकडे कशाला मरायला येईल. ती म्हणायची, चुकतो की माणूस पण.

त्या सकाळी ती चिखलातून आली ती वाकलेलीच, पण घाईनं. बांधावर चढतानाच म्हणाली, आला. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. फोटोत दोन लांब काळे पाय होते, राखेच्या रंगाचं पोट होतं. मान नव्हती. मान फोटोच्या बाहेर राहिली होती. तिचा हात हलला असणार. मी म्हटलं, ह्यात काय बघू? ती म्हणाली, पाय बघा. मी म्हटलं, पाय बगळ्याचे. घरी येईपर्यंत हेच, लुगडं धुताना हेच, पिळताना हेच. संध्याकाळी मुलीला फोन करून साहेबाला फोटो पाठवायला सांगणार होती.

संध्याकाळी मुलगी पनवेलहून आली, पण फोटोसाठी नाही.

त्या दुपारचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं, आणि ते तुकडे एकमेकांना लागत नाहीत. डॉक्टर आला, मनगट धरलं, माझ्याकडे न बघता माझ्या भावाशी बोलला. अंगणात माणसं किती जमली, आणि सगळी हळू बोलत होती, त्यामुळं मला काहीच ऐकू येत नव्हतं. कोणीतरी चहा दिला, मी म्हटलं साखर कमी आहे, तिला सांगा. चहा देणाऱ्यानं तोंड फिरवलं तेव्हा कळलं मी काय बोललो. भात तसाच होता, झाकलेला. सुतकात तो खायचा नसतो, भावाच्या बायकोनं नेऊन टाकला. मी तिला विचारलं, का टाकला, चांगला झाला होता. तिनं तोंडाला पदर लावला. मला खरंच कळत नव्हतं. मी भाताकडे नीट लक्ष दिलं होतं.

तिला हिरवं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. बायका म्हणाल्या भाग्याची, सौभाग्यवती गेली. मला हे पण समजलं नाही. माझ्या आधी जाण्यात तिचं काय भाग्य? चुलीपासून मोबाईलपर्यंत मला काही येत नाही हे तिला माहीत होतं. माहीत असून जाणारी बाई भाग्याची कशी?

जाळून आलो तेव्हा दोरीवर लुगडं तसंच होतं. कोणी काढलं नव्हतं.

आमच्यात चाल अशी, माणूस जिथं गेला तिथं जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कशाचा पाय उमटलाय. ज्याचा पाय उमटेल त्याच्या जन्माला माणूस गेला. माझ्या आईच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं, बापाच्या वेळी मुंगीची रांग. म्हातारे म्हणाले मुंगी झाला. माझा बाप मुंगीसारखा कधीच नव्हता, आळशी होता.

सकाळी भावाच्या बायकोनं टोपली उचलली आणि मला हाक मारली. मुलगीपण आली. पिठात तीन बोटं पुढं, एक मागं. तशी तीन-चार ठिकाणी.

"पाखराचा पाय हाय, दादा," भावाची बायको म्हणाली.

मी खाली बसून बघितलं. मोतीबिंदूचा डोळा मिटला, चांगला डोळा जवळ नेला. पाय होता हे खरं. मी म्हटलं, कोंबडी असेल. ती म्हणाली, टोपलीच्या आत कोंबडी कशी शिरंल? मी म्हटलं, मग टोपली घालायच्या आधी शिरली असेल. मुलगी म्हणाली, बाबा, राहू द्या ना. मी राहू दिलं.

आता कोणी म्हणेल, मला वाटलं ती पक्षी झाली. तसं वाटलं नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी एक धरून बसलो असतो. मला एवढंच वाटलं की ती काल म्हणाली, पाय बघा, आणि आज परत सगळे मला पायच दाखवतायत. पायावरून काय कळतं? आणि दुसरं वाटलं ते असं, की सुकती लागली असेल. रोज सुकती कालच्यापेक्षा थोडी उशिरा लागते. उद्या उडल, ती म्हणाली होती. उद्या म्हणजे आज.

मी अंगणात गेलो, दोरीवरचं लुगडं काढलं. वाळून कडक झालं होतं. बायका आत होत्या, पुरुष पडवीत आडवे. लुगडं मी कधी नेसलो नव्हतो. तिला नेसताना हजार वेळा बघितलं, पण लुगडं पिळण्यासारखंच झालं, बघून हात उलटेच फिरले. कासोटा सुटायला लागला म्हणून वरून सुतळी बांधली. पदर डोक्यावर घेतला. तिचा मोबाईल फळीवर होता. बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो एवढं मला माहीत होतं. तो घेतला, कोयती घेतली. सुतकात घर सोडू नये म्हणतात. मागच्या वाटेनं गेलो.

बांधावरून उतरलो आणि वाकलो. वाकल्यावर सगळं वेगळंच दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ताठ माणसाला खाडी दिसते. वाकलेल्याला फक्त चिखल, आपले हात, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात पाय. लहान पाय, लाल पाय, हिरवट पाय. ते माझ्या बाजूनं चालत होते आणि पळत नव्हते. मी एक कालव फोडलं. मग दुसरं. हातानं काहीतरी करत राहायचं, ती म्हणाली होती ना साहेबाला. डबा आणला नव्हता, तर जिथल्या तिथं टाकत गेलो. तुतवार येऊन खायला लागले, अगदी हाताशी. त्यांना मी कोण वाटलो असेन ते मला ठाऊक आहे. त्यांच्या दृष्टीनं ती आजपण आली होती.

असा सरकत सरकत मी त्या उंचवट्यापर्यंत गेलो जिथं तिनं काल फोटो काढला होता. तो तिथं होता. दोन नाही, एकच पाय होता. लांब, काळा. दुसरा वर पोटात घेतलेला. राखेच्या रंगाचं अंग. डोकं दिसेना, म्हणून मी पदराखालून हळूच वर बघितलं. मान होती ती पाठीवर वळवून पंखात खुपसलेली. झोपला होता.

मोबाईल काढला, बटण दाबलं, फोटो काढला. काय आला ते बघितलं नाही. झोपलेल्याचा फोटो काढून काय कळणार, मान परत नाहीच.

कळायचं असेल तर एकच गोष्ट करायची होती. उभं राहायचं. मी ताठ झालो असतो की तो उडाला असता, आणि मान सरळ की दुमडलेली ते एका क्षणात दिसलं असतं. कंबर तर ओरडून सांगत होती, ऊठ. मी हात गुडघ्यावर ठेवले, उठायला. आणि मग डोक्यात गोंधळ झाला. मान दुमडलेली दिसली तर मी बरोबर, आणि मग बरोबर होऊन घरी जाऊन काय करू? सरळ दिसली तर ती बरोबर, आणि हे तिला कोण सांगणार? मी हात गुडघ्यावरून काढले. परत एक कालव फोडलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. पाणी घोट्याला लागलं तेव्हा कळलं भरती लागली. उंचवट्यावर तो तसाच होता, कोरडा. मी वाकूनच मागं वळलो, वाकूनच चालायला लागलो. पाणी पोटरीला आलं, लुगडं जड झालं, सुतळी सुटली, एका हातानं कमरेशी धरलं. बांधावर माणसं दिसायला लागली. दिसली म्हणजे त्यांचे पाय दिसले. भाऊ, भावाची बायको, मुलगी. कोणीतरी हाक मारली. नंतर कळलं, लांबून बघून भावाच्या बायकोनं आधी किंकाळी फोडली होती, मग तिला कळलं मी आहे.

मी बांधाशी आलो. भावानं हात दिला.

"दादा, सरळ व्हा," त्याची बायको म्हणाली. "पानी संपलं, बांध आला. उभं र्‍हावा."

मी म्हटलं, उभा राहिलो तर तो उडल.

मुलगी खाली बसली. मी वाकलेला होतो, म्हणून माझ्याशी बोलायला तिला खाली बसावं लागलं. तिनं माझ्या डोक्यावरचा पदर मागं केला आणि खाडीकडे बघितलं.

"बाबा, काय आहे तिकडं?"

"तुझी आई म्हनते करकोचा. मी म्हनतो बगळा."

"मग कोण आहे?"

"अजून उडला न्हाय," मी म्हटलं, आणि वाकूनच घराकडे चालायला लागलो.